खालून येणारा पाऊस

काडी पेटलीच नाही. सारिकानं ती पेटीच्या अंगाला घासली, तर ठिणगीऐवजी काडीचं डोकंच ओल्या मातीसारखं पसरलं आणि पेटीवर एक तपकिरी ओरखडा उमटला. दुसरी काडी तशीच. तिसरीचं डोकं तर सुटून तिच्या अंगठ्याला चिकटलं. गॅसचा वास नाकात शिरला तेव्हा कुठे तिनं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली. लोणावळ्यात ऑगस्टमध्ये खिडकी उघडायची म्हणजे ढगाला घरात या म्हणायचं. ढग आला आणि ओट्यावर पसरून बसला. लायटर काल रात्री दम तोडून मोकळा झाला होता, म्हणून चहासाठी तिनं पर्समध्ये चाचपून ही पेटी काढली होती. आता ती पेटी तिनं उजेडाकडे धरली. कडा मऊ पडलेल्या, आतला पुठ्ठा फुगलेला. ही आपली नाही. आपल्या पर्समध्ये काडीपेटी असायचं कारणच काय? मग आठवलं. वडिवळ्याला, परवा, धोंडाबाईच्या घरात. स्वयंपाकाच्या फळीवर पडली होती, बोलता बोलता आपणच उचलून पर्समध्ये टाकली असणार. हातातलं काहीही पर्समध्ये टाकायची सवय जुनीच; एकदा तर ज्याच्यासाठी ती घरं आखायची त्या याह्याच्या साइटवरची मोजपट्टी आठवडाभर घेऊन हिंडली होती. पण आठवण तिथं थांबली नाही. परवा उदबत्ती या पेटीनं लावलीच नव्हती. "काडी आहे का मावशी?" म्हटल्यावर धोंडाबाईनं कमरेची चंची सोडली होती, चंचीतून प्लास्टिकची पुडी काढली होती, पुडीतून दुसरी पेटी काढली होती. ती काडी एका फटक्यात पेटली. फळीवर पेटी असताना ही बाई चंचीतून का काढते, असा प्रश्न परवा पडला नव्हता. आज पडला. स्वतःच्या घरात राहणारी बाई काडीपेटी पोटाशी का बाळगते?

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मोबाइलवर याह्याचा निरोप येऊन पडलेला: "ताई, दोन वाजता मशीन लावतो. तुमचा ओके आला की कापायला घेतो." अकरा घरांची पॅनलं सोमाटण्याच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर चढवून ठेवली होती. दोन वाजता करवत फिरणार आणि प्रत्येक लांब भिंतीच्या माथ्यावर, छपराच्या लगत, चार बोटांची एक सलग फट पडणार. वर्कशॉपमधली माणसं तिला 'म्याडमची फट' म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग सवयीनं. सारिकाला ते नाव मनातून आवडायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

वडिवळ्याच्या धरणामागे डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती, बारा उंबऱ्यांची. गेल्या दिवाळीत वाडीच्या वरच्या उताराला भेग दिसली. भेगेत आधी हात जायचा, मग काठी जायला लागली. मुंबईची एक संस्था पुढे आली, पाण्याच्या काठावरचा मुरमाड उंचवटा जागा म्हणून मिळाला आणि घरांचं काम याह्याकडे आलं. याह्याची घरं म्हणजे डबे. तीन डबे ट्रेलरवरून यायचे, क्रेननं उतरायचे, दिवसभरात एकमेकांना जोडले की घर उभं. डबा सगळीकडे तोच. हवा बघून, जागा बघून त्याचं छप्पर, त्याची जोती, त्याची दारं-खिडक्या बदलायच्या, आणि हे बदलायचं काम सारिकाचं. शिरूर-बारामतीकडच्या उन्हासाठी 'देश', समुद्राकाठच्या खाऱ्या हवेसाठी 'कोकण', आणि इथल्यासाठी 'घाट': उंच जोतं, उतरतं छप्पर, पाठीवर नैर्ऋत्येचा पाऊस घेणारी बंद भिंत. नकाशांवर सही पुण्याच्या एका आर्किटेक्टची असे, ओळी हिच्या असत. त्यांच्या ऑफिसातली पोरं पहिल्या भेटीत हमखास विचारत, "मॅडम, तुम्ही कुठून केलंत?" कॉलेजचं नाव हवं असायचं त्यांना. सारिका म्हणायची, "दुकानातून." ते हसत. तीही हसायची. खोटं नव्हतंच ते. बारावीनंतर कामशेतला बद्रुद्दीन शेठच्या पत्र्याच्या दुकानात मापं लिहायला लागली होती. शेठ गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आधी पाच मिनिटं नुसता उभा राहायचा, तोंड वर करून, डोळे मिटून. "पत्रा वाऱ्याकडं पाठ करून बसवायचा असतो पोरी. मग आधी वारा नको का भेटायला?" जुन्या कॅलेंडरांच्या पाठींवर ती शेड काढायला शिकली, पस्तिशीत कॉम्प्युटर शिकली, आणि शेठच्या मागं त्याच्या मुलानं, याह्यानं, पत्र्याचं दुकान सोडून घरांचे डबे करायला घेतले तेव्हा तिला हाक मारली. इतकी वर्षं ती एकाच गोष्टीला भ्यायची. कुणीतरी शिकलेलं माणूस एक दिवस नकाशावर बोट ठेवेल आणि विचारेल, हे असं का? आज बोट ठेवणारी काडीपेटी निघाली.

पहिलं घर मे महिन्यात उभं राहिलं, नमुना म्हणून. ते धोंडाबाईला मिळालं, कारण ती एकटी, आणि तिचं जुनं घर भेगेच्या सगळ्यात जवळ. बाकीची अकरा कुटुंबं जूनच्या शेवटी शाळेच्या दोन वर्गांत आली. तिथं पोरांची शाळा बंद, चुली व्हरांड्यात, मधे साड्यांचे पडदे. गणपती अठरा दिवसांवर आलेले. सगळ्यांनी याह्याकडून वदवून घेतलं होतं की गणपती नव्या घरात बसणार. धोंडाबाईचं घर पावसाळ्यात कसं राहतंय ते बघून मगच पुढची अकरा कापायची, असं ठरलं होतं. हे सारिकानंच आग्रहानं ठरवून घेतलं होतं. ती तीनदा जाऊन आली. तिसऱ्या भेटीत म्हणजे परवा तिनं उदबत्ती लावून धूर बघितला. धूर सरळ वर गेला, छपराशी घुटमळला आणि फटीतून शहाण्या पोरासारखा बाहेर पडला. तिनं रिपोर्टमध्ये लिहिलं: भिंतींना ओल नाही. हवा उत्तम खेळते.

तीन भेटी. ओट्याला टेकून तिनं त्या बोटांवर मोजल्या. तिन्ही वेळा उघडीप होती. असणारच. वाडीचा रस्ता चिकणमातीचा, पाऊस चालू असला की याह्याची जीप चढतच नाही. म्हणून उघडीप बघून जायचं, आणि आदल्या दिवशी फोन करायचा, "मावशी, उद्या येतोय हं." म्हणजे पावसासाठी काढलेलं घर आपण पावसात एकदाही बघितलेलं नाही. आणि ज्या माणसानं घरात काय चाललंय ते सांगायचं, त्याला आवराआवर करायला आख्खा दिवस दिला. परवा भिंती कशा लख्ख होत्या! पावसाळ्यात कुणाच्या भिंती इतक्या लख्ख असतात? तिच्या स्वतःच्या बेडरूमच्या कोपऱ्यात आत्ता या क्षणी बुरशीचा नकाशा उमटलेला होता.

एसटी कामशेतच्या वळणाला लागली तेव्हा पावसानं काचा आंधळ्या करून टाकल्या होत्या. या वेळी तिनं फोन केला नव्हता. शेजारच्या सीटवरची बाई भिजलेल्या पिशवीतून लसणाच्या पाकळ्या काढून सोलत होती, आणि त्या वासाबरोबर सारिकाला देहूरोड आठवलं. डेपोतल्या कामगारांची क्वार्टर, वर सिमेंटचा पत्रा, एप्रिलमधली दुपारी दोनची वेळ. वडील रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून एकुलती एक खिडकी बंद. आई लसूण सोलत बसलेली, डोक्यावर ओलं फडकं, आणि ते फडकं बघता बघता सुकत जायचं. पत्रा वरून तापायचा आणि गरम हवा छपराशी दाटून बसायची, हळूहळू खाली उतरत यायची. उभं राहिलं तर कपाळाला लागायची, बसलं तर मानेला. एक दिवस आई स्टुलावर चढली, पान्यानं दोन नट ढिले केले आणि पत्र्याखाली विटेचा तुकडा सारला. चार बोटं उचलला गेला पत्रा. "सरकारी पत्रा आहे तो! नोकरी घालवतेस का?" वडील अंथरुणातून ओरडले. आई म्हणाली, "सरकारला म्हणावं, दुपारचं येऊन बस हितं." आणि ती हवा गेली. सारिकाला ती जाताना कळली, डोक्यावरून कुणीतरी घमेलं उतरवून घ्यावं तशी. पुढं तिनं जे जे घर काढलं त्यात ती चार बोटं ठेवली. उन्हाच्या घरात तर ठेवलीच, घाटातल्या घरातही ठेवली. याह्या म्हणाला होता, "ताई, लोणावळ्याकडं उकडतं कुठं?" ती म्हणाली होती, "चुलीशी बसून बघ." मग तो म्हणाला, निदान झडप लावू, उघडता-मिटता येईल अशी. तेव्हा तिनं मोठ्या जाणतेपणानं सांगितलं होतं, "मिटता येणारी फट माणसं मिटूनच ठेवतात, याह्या." त्यापेक्षा बाहेरून पत्र्याची टोपी बसवली, तोंड खाली असलेली. पाऊस वरून येतो, टोपीवर पडतो, ओघळून जातो.

पाऊस वरून येतो. कामशेतच्या नाक्यावर सहा आसनी रिक्षात कोंबून बसताना ती हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ते जास्त खोटं वाटत होतं. कारण कुणीतरी तिला वेगळं सांगितलं होतं. मार्चमध्ये, जागा बघताना, उंचवट्यावर उभं राहून. धोंडाबाईनं हातातल्या काठीनं खाली पाण्याकडे दाखवलं होतं आणि म्हणाली होती, "हितला पाऊस उलटा हाय बाई. खालनं येतो." सारिकानं ते डायरीत लिहून घेतलं होतं. अवतरणचिन्हांत. वर संध्याकाळी याह्याला वाचूनही दाखवलं होतं, बघ काय गोड बोलतात ही माणसं म्हणून. दोघं हसले होते. ज्या हसण्याला ती स्वतः आयुष्यभर भीत आली, 'मॅडम, कुठून केलंत' म्हणणाऱ्या त्या पोरांचं हसणं, तेच. फक्त या वेळी ते तिच्या तोंडून आलं होतं, आणि किती सहज आलं होतं. तिनं डायरी पर्समधून काढली नाही. पान माहीत होतं.

रिक्षा फाट्यावर थांबली, पुढचा चढ पायी. बारा वाजून गेले होते. उंचवट्यावर पोचेपर्यंत छत्री दोनदा उलटी झाली. वर आल्यावर तिनं पाहिलं आणि चालायची थांबली. पश्चिमेकडून वारा धरणाच्या पाण्यावरून सुसाट येत होता आणि उंचवट्याच्या उभ्या कड्यावर आपटून सरळ वर चढत होता. पाऊस त्याच्याबरोबर चढत होता. थेंब खालून वर येत होते, तिरके, एका पाठोपाठ एक, कुणी खालून मूठमूठ तांदूळ उधळावेत तसे. तिच्या हनुवटीखाली लागले, नाकपुड्यांत गेले. आणि समोर ते घर, तिनं काढलेलं, नैर्ऋत्येकडे नेमकी पाठ करून बसलेलं, पाण्याकडच्या भिंतीवर खाली तोंड केलेली ती टोपी. पाणी झेलायला मुद्दाम ओंजळ उपडी धरावी तशी. फटीत ठिकठिकाणी बारदानं कोंबली होती. एक निसटून वाऱ्यावर फडफडत होतं.

दार धोंडाबाईनंच उघडलं. सारिकाला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं, तर दार पुन्हा अर्धं लोटलं.

"फोन न्हाई केला त्यो?"

"नाही केला मावशी. आत येऊ?"

"या की. तुमचंच घर हाय." पण ती दारातून हलली नाही. "आत पसारा लय हाय. पानी न्हाई तसं. थोडं ओलं हाय, ते म्या आत्ता पुसाय घेतलंय."

आत पाण्याकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत धारा लागल्या होत्या. भिंतीखाली परात, पातेलं, रंगाचा रिकामा डबा. खाट मधोमध ओढलेली, वर प्लास्टिक. तांदळाची कणगी पाटावर, पाट विटांवर. कोपऱ्यात पोतेऱ्यांचा ढीग, आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या वस्तू, प्रत्येकीखाली वर्तमानपत्राची घडी. इतकी नीटनेटकी हार सारिकानं कुठं पाहिली नव्हती. तिनं पर्समधून पेटी काढून पुढं केली.

"ही तुमची. माझ्याकडे आली होती."

"आगं बया, ही हाय व्हय? म्या दोन दिस हुडकतीया." धोंडाबाईनं पेटी घेतली, हलवून बघितली आणि चुलीच्या उबेला ठेवली. मग सारिकाकडे न बघता म्हणाली, "पेटली न्हाई ना?"

"नाही."

"न्हाई पेटत." ती पातेलं उचलून दारातून रिकामं करून आली. "कवा कळलं?"

"आज सकाळी. मावशी, तुम्ही सांगितलं का नाही? मी तीनदा आले. परवा उदबत्ती लावली, तुम्ही बाजूला उभ्या होतात."

"काय सांगू? घर फुकाट दिलंया, त्याला नावं ठिवू?" धोंडाबाईचा आवाज एकदम चढला. "आन् म्या नापास म्हणलं, तर तिकडं शाळंत अकरा घरं बसल्याती. सरुबाईची सून धा दिसावर आलीया बाळंतपनाला. सरुबाई मला फाडून खाईल. म्हनंल, हिला मिळालं, आमचं आडिवलं. तुमी यायच्या आदल्या दिशी बारदानं काढायची, भिती पुसायच्या, शेगडी ठिवून वाळवायच्या. रातभर जागायचं. तेवढं काय, हुतं." ती थांबली. "गणपती बसू द्या बाई. मग बघू."

सारिका खाटेच्या कडेवर टेकली. प्लास्टिक करकरलं. डोक्यात हिशेब आपोआप चालू झाला होता, कारण तीस वर्षांत डोक्याला तेच वळण लागलेलं: टोपी उलटी फिरवायची, फटीला आतून झडप, पाण्याकडची भिंत बंद, ओसरी डोंगराच्या अंगाला. नकाशा आठवडाभर, पॅनल आणि जोडकाम दोन आठवडे. म्हणजे गणपती शाळेत. नाहीतर आत्ता ओके म्हणायचं. अकरा घरं उभी राहतील, ढोल वाजतील, आणि गणपती उठायच्या आत अकरा बायका रात्ररात्र भिंती पुसत बसतील, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. कुणी तक्रार करणार नाही. सही पुण्याची आहे. तिचं नाव कुठंच नाही. ती सुटका तिला अगदी स्पष्ट दिसली, उघड्या दारासारखी, आणि आपण तिच्याकडे किती वेळ बघत राहिलो हे कळून तिचे कान गरम झाले. तेवढ्यात फटीतलं बारदान सुटून धप्पकन खाली पडलं. धोंडाबाई सवयीनं उठली, स्टूल ओढलं, चढली आणि ते परत कोंबू लागली. स्टुलावर चढलेली बाई, वर केलेले हात, छपराशी काहीतरी सारणं. आणि सारिकाला ती वीट आठवली.

वीट काढलीही जायची. जूनच्या तोंडाला आई पुन्हा स्टुलावर चढायची, विटेचा तुकडा काढून घ्यायची, नट आवळायची. चार महिने तो तुकडा खिडकीत पडून असे. सारिका त्याच्यावर बाहुली बसवायची. बाहुलीचं सिंहासन लक्षात राहिलं, ते सिंहासन तिथं का येतं ते मात्र इतकी वर्षं साफ विसरून गेली होती. आईनं फट केली होती, आणि ती मिटायची सोयही ठेवली होती. आपण फक्त उकाडा आठवला. लेकीच्या मायेनं आठवला म्हणून काय झालं, अर्धाच आठवला.

मोबाइलला रेंज फक्त उंबऱ्यात यायची. पावणेदोन झाले होते. तिनं उंबऱ्यात उभं राहून फोन लावला. पाऊस मोबाइलच्या खालच्या अंगाला लागत होता.

"ताई, तुमचीच वाट बघतोय. पॅनल टेबलावर आहे."

"कापू नको."

मागं मशीन घरघरत होतं. त्यानं कुणाला तरी हात केला असावा, आवाज बंद झाला. "काय झालं?"

"मी धोंडाबाईंकडे आहे. भिंतीवरून धारा लागल्यात. पाऊस खालून येतो, याह्या. मला मार्चमध्ये सांगितलं होतं. मी तुला वाचून दाखवलं होतं."

तो बाहेर आला असावा, पावसाचा आवाज वाढला. मग म्हणाला, "आत्ता कापू आणि नंतर फट सील करून देऊ. सिलिकॉन मारू. गणपतीचं काय सांगायचं त्यांना? शब्द दिलाय ताई मी."

"सील केली तर चुलीचा धूर कुठं जाईल? आणि कापलेल्या पॅनलचा जोड पहिल्या वर्षी सुटतो, हे तूच मला दाखवलंयस. तीन आठवडे दे मला."

"संस्थावाले विचारतील, रिपोर्ट कुणाचा."

"माझा. तसंच सांग."

"अब्बा असते तर…"

"अब्बांनी मला आधी इथं भर पावसात पाच मिनिटं उभं केलं असतं," सारिका म्हणाली. "डोळे मिटून."

"मग शाळेत कोण सांगणार?"

"मी सांगते. आत्ताच जाते."

ती वळली तेव्हा धोंडाबाई स्टुलावरून उतरून तिच्याकडे बघत होती. सगळं ऐकलं होतं. चेहरा असा बंद की त्याला बोटभर फट नव्हती.

"आडिवलंत ना?"

"हो."

"मग तुमचं तुमी जावा. म्या न्हाई येनार. सरुबाईचं तोंड म्या न्हाई बघनार." तिनं पोतेरं उचललं आणि भिंतीकडे वळली. चहाचं विचारलं नाही. मावळात पाहुणीला चहाचं न विचारणं म्हणजे काय, ते सारिकाला कळत होतं. ती छत्री उघडून बाहेर पडली.

शाळा पाण्याच्या काठाकाठानं पाव मैलावर होती. छत्री डोक्यावर घट्ट धरून ती चालू लागली, आणि वीस पावलांत कमरेपर्यंत भिजली, मग छातीपर्यंत. पाऊस छत्रीखाली शिरत होता, आतून कापडाला थडथडत होता, तिथून निथळून परत तिच्याच मानेवर येत होता. काय बोलायचं याची वाक्यं ती जुळवत होती आणि ती भिजून एकमेकांना चिकटत होती. चूक माझी आहे. नकाशा मी काढला. मला सांगितलं होतं. सरुबाई काय म्हणेल? पोटुशी सून पडद्याआडून ऐकत असेल. तिथून त्यांनी हाकलून दिलं तर? दिलं तर दिलं. पण ऐकून घ्यायचं, शेवटपर्यंत, अवतरणचिन्हांशिवाय.

मागून चिखलात पचपच पावलं वाजली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पदर कमरेला खोचलेला, धोंडाबाई भराभर येऊन तिच्या बरोबरीनं, पाण्याच्या बाजूनं चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर तिनं एकदा सारिकाकडे आणि एकदा छत्रीकडे तिरकं बघितलं.

"छत्री अशी धरत्यात व्हय?"

"म्हणजे?"

धोंडाबाईनं सारिकाच्या हातावर आपला हात ठेवला, खडबडीत, गार, आणि छत्री तिच्या डोक्यावरून खाली ओढली. पार खाली, गुडघ्यांपर्यंत, पाण्याकडे तोंड करून, ढालीसारखी. सारिकाचं डोकं उघडं पडलं. तिनं खांदे आवळून घेतले आणि वाट बघितली.

डोक्यावर एक थेंब पडला नाही.